एकरी किती?

पाथरीत माणूस दोनच कारणांनी माती उकरतो. पेरायला, नाहीतर नळाची फुटलेली पाइप शोधायला. तिसरं कारण असू शकतं हे गल्लीला पटवणं सोपं नाही. घरापुढे कंपाउंडच्या भिंतीला लागून जो दीड हात रुंदीचा पट्टा उरतो, तिथे कुदळ घेऊन उभं राहिलं की रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "पाइप फुटली का?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, "मग काय लावायलात?" झिनिया म्हटलं की गाडी बंद होते. गाडी म्हणजे खरोखरची मोटारसायकल. तो माणूस ती स्टँडवर लावतो, फाटक उघडून आत येतो आणि तिसरा प्रश्न विचारतो, "कामून?"

मिरचीला, कोथिंबिरीला, कढीपत्त्याला कुणी 'कामून' विचारत नाही. तुळशीला तर नाहीच. जास्वंद गणपतीला जाते, मोगरा वेणीत जातो, झेंडू दसऱ्याला मोटारसायकलपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्यांच्या गळ्यात पडतो. झिनियाला वास नाही. भाजी होत नाही. आमच्या आईच्या देवघरात त्याची कधी वर्णी लागलेली नाही. एवढंच काय, मधुमेहावर किंवा मूळव्याधीवर रामबाण म्हणून व्हॉट्सॲपवर अजून कुणी त्याचं नावही घेतलेलं नाही. लाल, गुलाबी, केशरी, पिवळं, पांढरं, जांभळं, निळा सोडून हव्या त्या रंगाचं फूल यायचं आणि नुसतं दिसायचं, एवढाच त्याचा धंदा. कापूस, सोयाबीन, तूर आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या कृपेनं ऊस, अशा वातावरणात वाढलेल्या माणसाला हे ऐकून काळजी वाटते. पिकाची नव्हे, लावणाऱ्याची.

बियाण्यासाठी आधी कृषी सेवा केंद्रात गेलो. जूनचा पहिला आठवडा, कापसाच्या पाकिटांसाठी गर्दी. झिनिया पाहिजे म्हटल्यावर काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "तणनाशकात का टॉनिकमध्ये?" फुलाचं बी म्हटल्यावर त्यानं मला बाजूला उभं केलं. मागच्या एका शेतकऱ्यानं आवाज खाली आणून विचारलं, "त्याच्यासोबत लिंकिंगमध्ये काय द्यायलेत?" म्हणजे या बियाण्यासोबत कोणतं नको असलेलं खत गळ्यात मारतात. काहीच नाही म्हटल्यावर त्याचा झिनियाबद्दलचा आदर एकदम वाढला. शेवटी बी परभणीच्या एका नर्सरीतून आलं. पाकीट एवढं हलकं की शेजारच्या अण्णांनी ते कानाशी नेऊन हलवून बघितलं.

"एकरी किती लागतं?" अण्णांनी विचारलं.

आमचे अण्णा आयुष्यभर कापूस, तूर आणि हरभरा यांच्यात राहिलेले. एकरापेक्षा लहान माप त्यांच्या हिशेबात बसत नाही. मी पट्टा दाखवला. त्यांनी तो एका नजरेत मोजला, मनातल्या मनात एकरानं भागला आणि भागाकार काही येईना म्हणून माझ्याकडे असं बघितलं की मीच काहीतरी लपवतोय.

मातीचा प्रश्न मात्र खरा होता. आमची काळी माती कापसाला आई असेल, झिनियाला सासू आहे. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की पोरांच्या गोट्या आत गेल्या की थेट पुढच्या वर्षी भेटतात. पावसाळ्यात तीच फुगते, चिकटते आणि पाणी धरून बसते. झिनियाला ऊन कितीही चालतं, दिवसातून सहा तास तरी लागतंच, पण पायाखाली पाणी साचलेलं चालत नाही. म्हणून वाफा वीतभर उंच करायचा, त्यात कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू मिसळायची. शेणखताबद्दल कुणी काही बोललं नाही. वाळूची दोन टोपली मात्र दारात दिसली आणि गल्लीचा रंग बदलला. तालुक्याच्या कडेनं गोदावरी वाहते, वाळू रात्री वाहते आणि वाळूचा उगम कुणाला नक्की सांगता येत नाही. "कुठून आणली?" "पावती हाय का?" "कितीला पडली?" असे प्रश्न सुरू झाले. एक जण तर म्हणाला, "लगेच मातीत मिसळून टाका, उघडी ठेवू नका." बागकामाचा एवढा अचूक सल्ला मला नंतर कुणी दिला नाही.

वाफ्याची एक कड शेजाऱ्याच्या भिंतीकडे चार बोटं सरकली म्हणून थोडी बोलाचालीही झाली. ती मी मनावर घेतली नाही, कारण पाथरीच्या जमिनीवरून भांडण म्हटलं तर आमचा इतिहास मोठा आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी, असं इतिहासकार फिरिश्तानं लिहून ठेवलंय. वाडवडिलांचं गाव म्हणून बुऱ्हाण निजामशहानं ते वऱ्हाडच्या इमादशहाकडे मागितलं, बदल्यात दुसरा परगणा देऊ केला. इमादशहा नाही म्हणाला. मग 1518 मध्ये निजामशाही फौजेनं पाथरी घेऊनच टाकली. तेव्हा चार बोटांसाठी आमच्या शेजाऱ्यानं नुसता टेप आणला, यात त्याचा संयमच दिसतो.

पेरणी मृगात करायची यावर सगळ्यांचं एकमत होतं. मृगाचं वाहन त्या वर्षी काय आहे, याची चौकशी अण्णांनी पंचांगात बघून केली. झिनिया मेक्सिकोचा, त्याला हे नक्षत्र लागू पडतं का, ही शंका मी काढली नाही. झिनियाचं रोप दुसरीकडे करून उपटून लावलेलं त्याला फारसं मानवत नाही, मूळ दुखावतं. म्हणून बी जागेवरच टाकायचं, नखभर खोल, वीत-सव्वा वीत अंतरानं. दाटी केली की हवा खेळत नाही आणि पुढे रोगाला आमंत्रण. पाच ते सात दिवसांत कोंब वर येतो. पण ज्यांचा हंगाम उगवणीवर ठरतो त्यांना सात दिवस थांबवत नाही. तिसऱ्याच दिवशी सकाळी अण्णा वाफ्यात बसून बोटानं माती उकरत होते. "मोड आलाय का बघायलो," म्हणाले. जिथे जिथे त्यांनी मोड आलाय का बघितलं, तिथे तिथे पुढे काही उगवलं नाही. मग तेच म्हणाले, "नांग्या पडल्यात, नांग्या भरा." आणि आठवड्यानं गल्लीत बातमी, की मास्तरांवर, म्हणजे माझ्यावर, दुबार पेरणीची वेळ आली.

एवढ्यावर प्रकरण थांबलं असतं. पण समोरच्या वहिनींच्या धाकट्या दिरानं ई-पीक पाहणीचा विषय काढला. मोबाइलवर फोटो काढून नोंद करा, नाहीतर पुढे काही मिळणार नाही. "काय मिळणार आहे?" मी विचारलं. "ते पुढं बघू, आधी नोंद तर असू द्या." त्या वर्षी पीकविमा एका रुपयात निघत होता, आणि एका रुपयात निघणारी गोष्ट न काढणं म्हणजे पैशाचा माज, असं पाथरीत मानतात. त्यानं माझ्या वतीनं यादी वर-खाली फिरवून बघितली आणि झिनिया सापडेना तेव्हा उदार मनानं म्हणाला, "सोयाबीन टाकू का?"

एका बाबतीत मात्र आमची गल्ली कोणत्याही बागकामाच्या पुस्तकापेक्षा पुढे निघाली. रोप वीत-दीड वीत झालं की शेंडा खुडायचा असतो, मग बाजूनं फांद्या फुटतात आणि फुलं वाढतात. शहरातल्या माणसाचा हात इथे थरथरतो म्हणे. ज्यानं तुरीचे शेंडे खुडलेत आणि हरभऱ्याची भाजी खुडून खाल्लीय, त्याला यात नवं काय? अण्णांनी चालता चालता, फोनवर बोलता बोलता अख्खा वाफा खुडून टाकला. पोरं खुडलेल्या शेंड्यांकडे बघून विचारत होती, "याची भाजी होते का?" नाही म्हटल्यावर पुन्हा तो जुना चेहरा: मग कामून?

खताचं काय सांगायचं. झिनियाला शेणखतावर भागतं. पण ज्या गावात युरियाची गोणी मिळाली की माणूस पेढे वाटायच्या बेतात असतो, तिथे आपल्या दारी उभं असलेलं पीक युरियाशिवाय उपाशी राहिलेलं कुणाला बघवत नाही. एका सकाळी वाफ्यात पांढरे दाणे चमकत होते. कुणी टाकले ते कळलं नाही, परोपकार असाच रात्री करायचा असतो. पंधरवड्यात रोपं कमरेला लागली, पानं हिरवीगार, कळी एक नाही. "माजलंय," निदान झालं. नत्र जास्त झालं की पाला वाढतो आणि फूल लांबतं, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. ते कुणी केलं एवढंच कुणाला माहीत नव्हतं.

आणि मग भुरी आली. दिवसा ऊन, रात्री गारवा, हवेत दमटपणा, असं हवामान झालं की झिनियाच्या पानांवर पिठी सांडल्यासारखे डाग दिसतात. हा त्याचा घराण्यातला रोग. त्यावर खरा उपाय म्हणजे रोपांत अंतर ठेवणं, पाणी सकाळी आणि बुडाशी देणं, पानं भिजवायची नाहीत, खालची डागाळलेली पानं काढून टाकायची. उपाय इतका साधा निघाल्यावर गल्लीचा हिरमोड झाला. भुरी आमच्याकडे मूग-उडदावर सगळ्यांनी पाहिलेली, तिच्याशी जुनं वैर. एक जण गंधकाची पुडी घेऊन आला, दुसरा आंबट ताक. तिसरा सोळा लिटरचा बॅटरीचा पंप पाठीला लावून, तोंडाला गमछा बांधूनच हजर झाला. आत काय आहे विचारलं तर म्हणाला, "कापसाचं थोडं उरलंय." फुलांवर तेव्हा नुकती फुलपाखरं यायला लागली होती. मी दारात आडवा झालो. सोळा लिटरमध्ये माझा वाफाच काय, वाफ्याकडे बघणारा मीही आटोपलो असतो.

अशा वेळी मला स्कॉट केली या अमेरिकन अंतराळवीराचा हेवा वाटतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात 2015 च्या अखेरीस त्यांनी हाच झिनिया वाढवला होता. तिथेही पाणी जास्त झालं, पानांना बुरशी लागली, काही रोपं गेली. जमिनीवरून वेळापत्रक येत होतं, अमुक दिवशी पाणी द्या. केली म्हणाले, रोपाला कधी पाणी द्यायचं ते रोपाकडे बघणाऱ्याला ठरवू द्या. नासानं ते ऐकलं. झिनियाच्या काळजीचं एकपानी टिपण त्यांच्याकडे पाठवलं आणि बाकी त्यांच्यावर सोडलं. जानेवारी 2016 मध्ये फूल उमललं आणि फोटो जगभर गेला. एक पान! चारशे किलोमीटर उंचीवर असल्याचा हा फायदा. तिथे कुणी फाटक उघडून आत येत नाही.

फुलं आली तसा विरोध मावळला असं वाटलं होतं, पण नाही. आता प्रश्न आला, हे नक्की कुठलं? मी मेक्सिको म्हणालो आणि लगेच इकडे तिकडे बघितलं, कारण जन्मस्थानाचा विषय पाथरीत जपून काढावा लागतो. जानेवारी 2020 मध्ये साईबाबांच्या जन्मस्थानाच्या विकासासाठी पाथरीला शंभर कोटींची घोषणा झाली आणि तिकडे शिर्डी बंद राहिली. झिनियाच्या बाबतीत असं कुणी बंद पुकारत नाही, कारण त्याच्यावर हक्क सांगावा असं कुणाला वाटलेलंच नाही. खरं तर झेंडूही मूळचा तिकडचाच. त्याच कुळातला, त्याच देशातला. पण त्याला आपण दसऱ्याला आपट्याच्या शेजारी बसवलं, आता त्याला परका म्हणायची कुणाची हिंमत नाही. आणि गाजरगवत? तेही त्याच कुळातलं आणि तिकडचंच. पुण्यात ते 1950 च्या दशकात दिसलं, परदेशी गव्हाबरोबर आलं म्हणतात, आणि काँग्रेस गवत या नावानं बांधाबांधावर पोचलं. तिघे भाऊबंद एकाच मुलखातून निघाले. एक देव्हाऱ्यात गेला, एक बांधावर शिव्या खातोय आणि तिसरा माझ्या दारात उभा राहून 'कामून' ऐकतोय. करडई आणि सूर्यफूलही या कुळातली, हे सांगितल्यावर अण्णांचा चेहरा खुलला. "मग तेल निघत असंल!"

त्यांना कुळाचं चिन्ह दाखवायला मी एक फूल सोलून बघायला दिलं. आपण जिला पाकळी म्हणतो ती एकेक पाकळी स्वतंत्र फूल असते, बुडाशी तिचं बी धरलेलं. मधल्या गोंड्यात पिवळ्या चांदण्यांसारखी आणखी बारीक फुलं असतात, तीही प्रत्येक वेगळी. अण्णांना हे नीट दिसलं, कारण त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतं झालं होतं. नवी भिंगं बसल्यापासून ते सगळ्या जगाचा रंग पुन्हा तपासत होते. घराचा चुना पिवळा नसून पांढरा आहे, हा शोध त्यांनी आदल्याच आठवड्यात लावला होता.

तेव्हा मी झिनियाचं खरं गुपित फोडलं. आमच्या परभणी जिल्ह्यात 'जगात जर्मनी अन् भारतात परभणी' ही म्हण लेकराला बाराखडीच्या आधी येते. तिचा पुरावा मागायचा नसतो, मान डोलवायची असते. पण माझ्याकडे पुरावा होता. हे फूल ज्याच्या नावानं ओळखलं जातं तो योहान गॉटफ्रीड झिन जर्मन. गॉटिंगेन विद्यापीठात वनस्पती बागेचा प्रमुख आणि शरीररचनेचा अभ्यासक. माणसाच्या डोळ्याची रचना त्यानं 1755 मध्ये पुस्तकात मांडली, 1759 मध्ये जेमतेम एकतिसाव्या वर्षी गेला, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयसनं या मेक्सिकन फुलाला त्याचं नाव दिलं. डोळ्यातलं भिंग ज्या बारीक तंतूंनी जागेवर टांगलेलं असतं, त्यांना डोळ्यांचे डॉक्टर आजही झिनच्याच नावानं ओळखतात. मोतीबिंदू काढताना त्या तंतूंना धक्का लागू नये म्हणून जपावं लागतं. पुढे फुलदाणीत शोभणाऱ्या भल्यामोठ्या जातींचं बियाणं ज्यांनी केलं त्यातलं एक नावाजलेलं घराणं बेनारी, तेही जर्मन, 1843 पासूनचं. म्हणजे जर्मनीचं फूल परभणी जिल्ह्यात, मध्ये काही नाही.

अण्णांनी लाल झिनिया डोळ्यांजवळ धरला, उजव्या, मग डाव्या. म्हणाले, "डोळ्यात फूल पडतं ते ऐकून होतो. डोळ्याच्या डॉक्टरचं फूल दारात पडलेलं आज बघायलो."

त्या दिवसापासून झिनियाला गल्लीत इज्जत आली. इतकी, की कुणी तो तोडू देईना. हा नवाच ताप झाला. झिनियाचं असं आहे, तोडत राहिलं की येत राहतो. झाडावरच सुकू दिला की बी धरतो आणि आपलं काम झालं समजून दम टाकतो. तोडायचीही खूण आहे. फुलाच्या खाली वीतभर अंतरावर दांडी धरून हलवायची. मान लटपटली तर अजून कच्चं, ताठ राहिली तर कापा, आठवडाभर पाण्यात टिकेल. मी कात्री घेऊन गेलो की वहिनी गॅलरीतून ओरडायच्या, "अहो, राहू द्या ना, किती छान दिसायलंय!" फुलं काढून घरात न्यावी तर फुलदाणी नाही. स्टीलच्या तांब्यात ठेवली. पाहुणे आले, चहा घेता घेता एकानं पाकळी चिमटीत धरून चोळली आणि बायकोला म्हणाला, "बघ, प्लास्टिकची हायत, पण ओरिजनल वाटतात."

तोडणीचा प्रश्न शेवटी एका शेळीनं सोडवला. फाटक उघडं राहिलं होतं. तिनं कसलीही मान हलवून न बघता सरसकट कापणी केली, तीही एका बाजूनं, ओळीनं. पाच मिनिटांत गल्ली गोळा झाली. कुणी फोटो काढले, कुणी नुकसानीची टक्केवारी ठरवली. ई-पीक पाहणीवाला धावत आला, "72 तासांच्या आत कळवावं लागतं, आत्ता कळवा!" सोयाबीनच्या नोंदीत झिनिया शेळीनं खाल्ल्याचं कसं कळवायचं, यावर तिथेच चर्चा झाली. मधल्या वेळेत शेळी उरलेली ओळ संपवायला परत आली. झिनियाच तो; बुडाला फुटवे होते, तीन आठवड्यांत पुन्हा कळ्या दिसल्या. अण्णांनी शेळीच्या मालकिणीला बोलावून सांगितलं, "शेंडे खुडणी बरी केली, पण जरा उशिरा केली."

दिवाळीनंतर फुलं झाडावर तपकिरी होऊ दिली, गोंडे वाळवले, पाकळ्यांच्या बुडाची बाणासारखी बी निवडली. मागणी भरपूर. ज्यांनी ज्यांनी 'कामून' विचारलं होतं ते सगळे कागदाची पुडी घेऊन आले. अण्णांना फक्त लाल पाहिजे होता, तो तांबडाभडक, ऑपरेशननंतर पाहिलेला. मी लाल फुलाचंच बी दिलं आणि सोबत सांगितलंही, की झिनियाचं मधमाश्यांच्या हाती असतं, शेजारच्या फुलाचा पराग कुठे आणून ठेवतील नेम नाही, लेकरं आईच्या रंगावर जातीलच असं नाही.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये अण्णांच्या शेतातल्या आखाड्यापुढे अख्खी रांग फुलली. दोन लाल. बाकी गुलाबी, फिकट केशरी, एक तर धड पांढराही नाही. अण्णा पुडीचा रिकामा कागद जपून घेऊन आले. बियाणं बोगस निघालं की पाकीट, पावती आणि थोडं बी राखून ठेवायचं, हे आमच्याकडे प्रत्येकाला पाठ आहे.

"मास्तर," ते कागद टेबलावर ठेवत म्हणाले, "तालुक्याला अर्ज द्यायचा का आपसात मिटवायचं?"

आपसात मिटवलं. दोन पुड्या बी आणि एक लिटर करडईचं तेल.